आता शोधायला उरलंय तरी काय? (अनुभव धागा)

पंचवटीकर:
भाचा अकरावीत आहे. परवा जेवताना म्हणाला, "मामा, एव्हरेस्ट झालं, चंद्र झाला, नकाशावर रिकामी जागा नाही. आमच्या पिढीला नुसतं बघायचंच उरलंय." त्याची समजूत मी एकट्याने काढण्यात अर्थ नाही, म्हणून इथे विचारतोय. नाशिकच्या आसपास किंवा इथून बाहेर पडून तुम्ही अशा ठिकाणी पोचलात का, जिथून पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं? ठिकाण म्हणजे गाव-डोंगरच असं नाही, एखादा प्रश्नही चालेल. फक्त ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

माझं मत आधीच सांगतो. रिकाम्या जागा संपल्या असतील, पण एका जागी मुक्काम ठोकून बघत राहणारी माणसं कमी आहेत. त्यामुळे पायाखालचंच बरंच राहून गेलंय.

रानवाटा:
अंजनेरी म्हटलं की लोकांना हनुमानाचं जन्मस्थान आणि पावसाळी ट्रेक आठवतो. मला आठवतं तिथलं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका. शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या, कायम वर्दळ असलेल्या या डोंगरावरची ही वनस्पती शास्त्राच्या दप्तरी नवी जात म्हणून नोंदली गेली २००६ साली! माझ्या जन्मानंतर.

एम.एस्सी.ला असताना श्रावण-भाद्रपदात मी पठारावर जायचे. या गटाची फुलं उभ्याने दिसतच नाहीत, ओल्या गवतात गुडघे टेकावे लागतात. फूल तळाशी फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळलेली, अगदी कंदिलासारखी. चिलटाएवढी माशी वासाने आत उतरते. नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तिला परत वर येता येत नाही. फूल जुनं होऊन केस सुकले की सुटका, आणि निघताना अंगाला पराग. कुठल्या जातीकडे कुठली माशी येते, ती नेमकी कशाच्या वासाला भुलते, यावर आपल्या सह्याद्रीत करण्यासारखं प्रचंड काम पडून आहे. त्याला हवं काय? भिंग, वही आणि चिकाटी. भाच्याला जरूर सांगा.

कडेकपारी:
मी थोडा वेगळा सूर लावतो. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर रविवारी रांग लागते, पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर. त्याच हरिहरचा स्कॉटिश कडा १९८६ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट चढले, म्हणून त्याला ते नाव. तेव्हा तिथे वर काय वाढून ठेवलंय ते कुणाला माहीत नव्हतं. आज बहुतेक सुळक्यांची पहिली चढाई होऊन गेली आहे, हे भाच्याचं म्हणणं खरंच आहे.

पण कड्यावरची नवी रेघ अजून मिळते. सातमाळा रांगेत एका बाजूने आम्ही वर सरकत होतो, मी पुढे. आपला कातळ लाव्हाच्या थरांचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर, मातकट पट्टा येतो. तिथे खिळा ठोकला तर नुसता भुगा पडतो. हातोडी आपटून ऐकायचं: टणटण वाजलं तर भरवसा, भदभद वाजलं तर हात काढून घ्यायचा. तो पट्टा पार करताना पुढची पकड कुठे असेल हे सांगणारं ना पुस्तक होतं, ना व्हिडिओ, ना खालचा मित्र. ती भीती आणि तो आनंद मी विसरणार नाही.

अडचण मला दुसरीकडेच दिसते. मुलांना रीतसर शिकून धोका पत्करायची मोकळीक घरातून मिळत नाही. क्लासची फी भरतील, दोर-हार्नेसचं नाव काढलं की घरात सन्नाटा.

खोल पाणी:
मूळचा सिडकोतला, सध्या सर्वेक्षण जहाजावर. जहाजाच्या तळातून आवाजाचा पट्टा खाली सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून खोली काढतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. म्हणजे साडेचार किलोमीटर खोल तळाचं उत्तर यायला सहा सेकंद. ते सहा सेकंद मला अजून सरावाचे झालेले नाहीत. एका रात्रपाळीत स्क्रीनवर सपाट तळामधून डोंगर वर येताना दिसला. उपग्रहाच्या नकाशावर तिथे नुसता पुसट फुगवटा होता. आम्ही सगळे खुर्च्या सोडून उभे राहिलो.

जगाच्या समुद्रतळाचा असा प्रत्यक्ष मोजलेला भाग २०२५ च्या मध्यापर्यंत जेमतेम २७ टक्के. आणि दोनशे मीटरखालचा तळ माणसाने डोळ्याने किंवा कॅमेऱ्याने पाहिलाय तो ०.००१ टक्क्याहूनही कमी. चंद्राचा पृष्ठभाग याहून नीट मोजलेला आहे. आपल्याकडे तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारं 'मत्स्य ६०००' हे पाणबुडीयान तयार होतंय. अकरावीतल्या मुलाला यात शिरायला पुरेसा वेळ आहे.

नाणेवेडा:
अंजनेरीच्याच पायथ्याशी नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे शिकायला होतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, स्वतःचा ठसा मारलेला. भिंगाखाली तसं एक नाणं धरलं होतं: वर सातवाहनांचं चैत्याचं चिन्ह, आणि त्याच्या रेघांखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी डोकावतेय. हरलेल्या राजाचा चेहरा जिंकलेल्याला पुरता पुसता आलेला नाही. शिवाय नहपानाचे चेहरे नाण्या-नाण्यांवर वेगळे. का, यावर वाद चालूच.

पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यात ४१, ४२, ४५ अशी वर्षं कोरली आहेत. ही वर्षं कुठल्या गणनेतली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि त्यावर अख्ख्या कालखंडाचा क्रम अवलंबून. मुंबई-आग्रा रस्त्यावरून रोज हजारो गाड्या या न सुटलेल्या प्रश्नाखालून जातात.

सुरगाण्याची बाई:
मी सुरगाणा तालुक्यात शाळेत शिकवते, घरी आम्ही कोकणा ही आदिवासी बोली बोलतो. सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. "नवी जात सापडली" असं म्हणता तेव्हा त्या डोंगरावर गुरं चारणारी माणसं होतीच. खर्चुडीचे, म्हणजे तुमच्या कंदीलपुष्पाच्याच गटातले, कंद आमच्याकडं लहानपणापासून खातात. दप्तरी नोंद झाली तो दिवस महत्त्वाचा आहे, मला मान्य आहे. पण ज्ञानाची सुरुवात तिथून मोजू नका.

माझं काम सांगते. आमच्यात थाळगान असतं. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटं ओढत राहायची. घुमल्यासारखा एकच सूर निघतो, त्यावर रात्रभर कथा चालते. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा मी एका आजोबांकडून ध्वनिमुद्रित करते आहे. बोटांना पाणी लावून ते पुन्हा सुरू करतात तेव्हा मागची ओळ थोडी बदललेली असते. कुठली खरी, विचारलं तर म्हणतात, दोन्ही. त्यात बियांची, पाखरांची, डोंगरांची नावं येतात. त्यातली कितीतरी माझ्या आईलाही माहीत नाहीत. हे ऐकून, लिहून, अर्थ लावणारं माणूस तालुक्यात शोधावं लागतं. म्हातारी माणसं थांबत नाहीत, ही घाई कड्याला आणि समुद्राला नाही.

दारणाकाठ:
थोडक्यात लिहितो. देवळालीजवळच्या दारणेतून १९३८ मध्ये एक छोटा मासा नोंदला गेला, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी. वाहत्या पाण्यात दगडांना धरून राहणाऱ्या माशांच्या गटातला. आज तो अति संकटग्रस्तांच्या यादीत आहे. पाऊस ओसरला की मी आणि एक मित्र इगतपुरीकडच्या ओहोळांत दगड उलटून बघतो. हाती लागलेला नाही. कुणाला या पट्ट्यातल्या जुन्या भोई मंडळींची ओळख असेल तर सांगा, त्यांना विचारायचंय.

रानवाटा:
ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. अंजनेरीखालच्या वाड्यांतली नावं आणि शास्त्रीय नावं शेजारी-शेजारी लिहायची यादी करूया का? फुलं मी ओळखून देते, नावं तुम्ही विचारा.

सुरगाण्याची बाई:
करूया. अंजनेरीकडं महादेव कोळी, ठाकर समाज जास्त, तिथली बोली निराळी. तिकडची एक सहकारी शिक्षिका आहे, तिला जोडून देते.

पंचवटीकर:
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. समुद्राच्या तळावर थोडा वेळ थांबला, पण प्रश्न विचारले ते थाळगानाबद्दल. तो तबला शिकतो, काडीतून सूर कसा निघतो ते त्याला बघायचंय. ताई, पुढचा थाळ कधी असेल?

सुरगाण्याची बाई:
भात-नागली घरात आल्यावर. आजोबांना विचारून कळवते. रात्रभर बसायची तयारी असेल तर आणा, मध्येच उठलेलं त्यांना चालत नाही. आणि ध्वनिमुद्रणासाठी भरलेली पॉवर बँक आणा, वाडीत रात्री लाइटीचा भरवसा नसतो.