जोतं उंच की आईचे गुडघे? समा-सावली रोडला घर बांधतोय, सल्ला हवा

समा_प्लॉट:
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात समा-सावली रोडला आमचा ४० बाय ६० चा प्लॉट आहे. टी.पी. (टाउन प्लॅनिंग स्कीम) पडून गेली, फायनल प्लॉट नंबर मिळाला, एन.ए. झालेलं आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातून आई-बाबांना घेऊन इथे राहायला यायचंय. तळमजला आणि वर एक मजला, एवढंच बांधायचंय.

घोडं अडलंय ते जोत्यापाशी. आर्किटेक्ट म्हणतात रस्त्यापासून तीन फूट घ्या. आईचं वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले. ती म्हणते, "एवढं चढून मी देवळात जाईन, रोज स्वतःच्या घरात नाही." तिचं मला पटतं आणि आर्किटेक्टचंही पटतं.

दुसरं असं की कॉन्ट्रॅक्टर मटेरियलसकट फुटाचा भाव देतोय. माती तपासायची गरज नाही, आजूबाजूला सगळ्यांनी साधं फूटिंगच (खांबाखालचा काँक्रीटचा पसरट पाया) घेतलंय, असं त्याचं म्हणणं. जमीन काळी आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

रावपुरा_जुना:
दीड फूट पुरे. पूर काही रोज येत नाही, पायऱ्या मात्र रोज चढायच्या असतात. आईंचं ऐका.

मांजलपूर_ओटला:
रावपुरावाल्या भाऊंचं मन चांगलं आहे, पण समाला दीड फूट म्हणजे मला नाही पटत. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, तेव्हा समाची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. पावागडाकडचा पाऊस आणि आजवा धरणाचं पाणी एकदम आलं की नदीला शहरातून जायला जागाच उरत नाही. हे पुन्हा होणार असं धरूनच घर काढा.

आमचं घर मांजलपूरला. २०२१ मध्ये रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, मिळाली, २०२२ च्या उन्हाळ्यात वास्तुशांत. सासूबाई वॉकर घेऊन चालत, त्यामुळे तुमच्याकडे चाललाय तोच वाद आमच्याकडेही होता. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी "रस्त्यापासून तीन फूट" हे वाक्य सोडून द्या. रस्त्यावर डांबराचा थर चढत जातो, घर आहे तिथेच राहतं. शेजाऱ्यांकडे जा आणि २०२४ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते विचारा. रंग काढला असला तरी घरातल्या बाईला ती खूण बरोबर ठाऊक असते. कडियाकडे (गवंड्याकडे) पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, तिने ती पातळी आपल्या प्लॉटवर आणा आणि कोपऱ्यातल्या खांबावर ऑइलपेंटने रेघ मारून ठेवा. जोतं त्या रेघेच्या वर किती, एवढाच प्रश्न उरतो. कदाचित अडीच फुटांत भागेल, कदाचित साडेतीन लागतील. आमची रेघ पाहिल्यावर घरातले सगळेच गप्प झाले आणि वाद मिटला.

आता आई. उंची तीच ठेवून चढ सोपा करता येतो. नेहमीची पायरी सहा इंचांची, तिच्याऐवजी पाच इंचांची करा आणि पाऊल ठेवायला चौदा इंच द्या. तीन फुटांना सातेक पायऱ्या होतील. मध्ये एक ऐसपैस ओटला, बसता येईल अशी सपाट जागा, ठेवा, म्हणजे चार पायऱ्या, ओटला, मग तीन. कठडा दोन्ही बाजूंनी हवा, कारण चढताना एक गुडघा जास्त दुखतो आणि उतरताना दुसरा. पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट नको, घासून खरखरीत केलेली कोटा फरशी घ्या. सासूबाई संध्याकाळी त्या ओटल्यावरच बसायच्या, भाजीवाला तिथेच थांबायचा. त्यांच्यासाठी ते चढणं उरलंच नव्हतं.

व्हीलचेअरचाही विचार आत्ताच करा. रॅम्पचं प्रमाण एकास बारा, म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट, शिवाय मध्ये विसावा. आकडा ऐकून लोक रॅम्प सोडून देतात आणि नंतर कधीतरी दोन फळ्या टाकून जीवघेणा उतार करतात. तुमचा प्लॉट ६० फूट खोल आहे, बाजूने लांबीत तो बसू शकतो. मार्जिनमध्ये (घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत) किती चालेल ते आर्किटेक्टला नकाशा मंजुरीला टाकायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

जोतं उंच केलं म्हणजे पुराचं काम संपलं असंही नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं तोंड अंगणाच्या पातळीला ठेवतात, आणि पुराचं घाण पाणी सगळ्यांत आधी तिथे शिरतं. घर कोरडं आणि प्यायला पाणी नाही, असे दिवस आमच्या गल्लीत लोकांनी काढलेत. टाकीचं तोंड जोत्याच्या वर आणा. ड्रेनेजच्या लाइनीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर दारातून न आलेलं पाणी संडासातून उलटं वर येतं. मीटर, पंपाचा स्टार्टर, इन्व्हर्टर, सगळं वर. २०२४ मध्ये पाणी आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. वीज दोन दिवस नव्हती, पण टाकीतलं पाणी आम्ही बिनधास्त वापरलं, शेजारच्या दोन घरांनाही दिलं.

एलिव्हेशनचे, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचे, फोटो नंतर पाहा. आईंचा पूर्ण दिवस कागदावर लिहून आर्किटेक्टला द्या. रात्री किती वेळा उठतात, पूजा कुठे बसून करतात, हिंचका (झोपाळा) कुठे हवा, सगळं. त्यांची खोली तळमजल्यावर, आणि पश्चिमेला नको. मे महिन्यातल्या दुपारी तापलेली पश्चिमेची भिंत रात्रभर उष्णता सोडत राहते. तिकडे जिना, बाथरूम, कोठीची खोली टाका. गच्चीवर पांढरं चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, करा.

निवृत्त_साइटवाला:
ताईंनी वरचं छान सांगितलंय, मी जमिनीखालचं सांगतो. स्ट्रक्चरचं काम करण्यात आयुष्य गेलं, म्हणून कळकळीने लिहितोय. "सगळ्यांनी फूटिंगच घेतलंय" हे कारण होऊ शकत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घर दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं बसतं, आणि सगळीकडे सारखं नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरक्या भेगा त्याच्याच.

बोअर घेऊन माती तपासा. भारक्षमतेबरोबर फ्री स्वेलही, म्हणजे माती भिजल्यावर किती फुगते तो आकडा, मागा, अहवालात ते आपणहून येईलच असं नाही. काळा थर पाच-सहा फुटांतच संपून खाली चांगली पिवळी माती किंवा मुरूम लागला तर काळ्या थराच्या खाली जाऊन त्यावर फूटिंग टेकवा, काम होतं. थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारा, तळाशी फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या सी.बी.आर.आय. या बांधकाम संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे अशाच जमिनीसाठी विकसित केली. पाइलवरच्या बीमखाली काही इंच पोकळी सोडायची असते, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. साइटवर ती पोकळी कडिया "मजबुतीसाठी" भरून टाकतात, तेव्हा त्या दिवशी तिथे उभे राहा. जोत्यात भरावाला खणलेली काळी माती परत टाकू देऊ नका. मुरूम, थराथराने, पाणी मारून, ठोकून.

मटेरियलसकट द्यायला माझी हरकत नाही, पण तो फूट कसला ते आधी लिहून घ्या. ओटला, टाकी, खाळकुवा (शोषखड्डा), कंपाउंड, भराव, हे भावात आहे की एक्स्ट्रा? भांडणं नेहमी यावरच होतात. पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, सळईचं वजन स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगवरून काढून ठेवा. आणि स्लॅबचे टेके लवकर काढू देऊ नका. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबला किमान ७ दिवस, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याला १४.

समा_प्लॉट:
ताई, काका, मनापासून आभार. काल बाबांना घेऊन शेजारी जाऊन आलो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या फरशीवर खूण अजून आहे. नळीने पातळी आणली, रेघ जमिनीपासून सव्वादोन फुटांवर आली. तीन फूट ठरलं. पाच इंचांची पायरी कशी असते ते विटा मांडून आईला दाखवलं, ती चढून बघायला तयार झाली. माती तपासणाऱ्यांना शनिवारी बोलावलंय. एकच विचारायचं राहिलं, पुढेमागे घरात लिफ्ट बसवायची झाली तर आत्ता काय करून ठेवू?

निवृत्त_साइटवाला:
जिन्याशेजारी साधारण पाच बाय पाचची जागा दोन्ही माळ्यांवर एकाखाली एक येईल अशी ठेवा, तोवर कोठी म्हणून वापरा. त्या भागाच्या चारी बाजूंना बीम फिरवून घ्या, म्हणजे पुढे तेवढा स्लॅब कापला तरी बाकीच्याला धक्का नाही. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साठतं, तेव्हा कमी खोलीचा खड्डा लागणारं मॉडेल पाहा आणि जोत्याच्या वर बसवा. स्ट्रक्चरवाल्याला हे पाइलचं ड्रॉइंग काढण्याआधी सांगा, त्या कोपऱ्यातला भार बदलतो.