मदत हवी आहे: २८ गेजच्या बंदुकीत अडकलेला चोक

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये राहतो आणि रविवारी स्कीट (हवेत उडवलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी) खेळायला जातो. दोन महिन्यांपूर्वी एक जुनी २८ गेजची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्या असलेली छऱ्यांची बंदूक) घेतली. वरच्या नळीचा चोक (नळीच्या तोंडात आट्यांनी बसणारं, छऱ्यांचा फैलाव ठरवणारं नळकांडं) हाताने फिरतो, खालचा मात्र ढिम्म हलत नाही. आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षं काढलाच नसावा. टॉर्च मारून पाहिलं तर कडेला काजळी आणि वॉडचं (काडतुसातल्या छऱ्यांमागच्या बुचाचं) प्लास्टिक यांचा काळा, चकचकीत थर बसलाय.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या वेगळ्या काढल्या, तोंड खाली करून ठेवल्या आणि तीन दिवस तेल मुरवलं. मग पाना लावला, तर एका खाचेची कड दुमडली. तिथेच थांबलो. नळीचा आतला व्यास जेमतेम १४ मिमी, त्यात चोकची भिंत पातळ. आणखी जोर लावला तर आटेच जातील अशी धास्ती वाटते.

काही जण गॅसची ज्योत मारायला सांगतात. माझं मन धजत नाही. दोन नळ्यांमधली रिब (जोडपट्टी) बहुधा नरम डाखाने जोडलेली असते, ती सुटली तर दुरुस्ती फार मोठी.

उकळतं पाणी चालेल का? चोकला आतून पकडणारा, फुलणारा पाना कुणी वापरलाय का? की सरळ गनस्मिथकडे देऊन लेथवर कापून घ्यावा? स्वतः हे केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. तोवर बंदूक कपाटातच आहे.