सप्त्याच्या वर्गणीतला वाटा अल्झायमरच्या संशोधनाला द्यावा का?

हळदवाला_समुद्रपूर
यंदा भागवत सप्त्याच्या वर्गणीतून थोडी रक्कम शिल्लक राहिली. बैठकीत मी म्हटलं, यातला अर्धा वाटा अल्झायमरच्या संशोधनाला देऊ. काहींनी माना डोलावल्या, बाकीच्यांनी विचारलं, "हे कायले?" म्हणून इथं मांडतो.

देशभर साठीपुढच्या लोकांची तपासणी झाली, तिचा अंदाज 2023 साली छापून आला: 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. त्याचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका बाईच्या मेंदूत साचलेला गाळ आणि पेशींतले गुंते 1906 साली जर्मनीत दाखवले. तेव्हापासून शंभरावर वर्षं गेली, तरी आजार बरा करणारं औषध नाही. आणि आपण? "म्हातारचळ लागलं" म्हणतो अन् माणूस ओसरीवर बसवून ठेवतो. खेड्यात आजार जास्त असेल तर खेड्याचाही हात या कामाला लागला पाहिजे.

कपाशीवाला_आर्वी
भाऊ, तुमची तळमळ समजते, पण मी विरोधात हाय. लेकॅनेमॅब नावाचं औषध अमेरिकेत 2023 मंदी मंजूर झालं. दीड वर्षात आठवण-बुद्धीची घसरण 27 टक्क्यानं मंदावली, तेबी सुरुवातीच्या पेशंटची. वर्षाची किंमत 26,500 डॉलर, म्हणजे बावीस लाखाच्या घरात. वरून मेंदूत सूज नाहीतर रक्तस्राव तर नाही ना, हे पाहाले घडीघडी एमआरआय. आमच्या गावातून कोण जाईन?

आमच्या घरी माय हाय. रोज दुपारी कोठ्यात जाते अन् कधीच इकलेल्या गाईसाठी ढेप भिजवते. घमेलं हातातून घेतलं का रडते. घरवाली दिवसभर तिच्या मागं मागं, निंदाले जाता येत नाही, रोजी बुडते. श्रावणबाळ पेन्शनच्या महिन्याच्या दीड हजारात काय होते? ते पैसे अशा घरायले द्या.

आशाताई
दादा, तुमच्या घरचं वाचून जीव कासावीस झाला. वहिनींचे हाल मी घरोघरी पाहते. तरीही मी संशोधनाच्या बाजूनं आहे.

स्मृतिभ्रंश तपासायच्या एका शिबिरात आजीबाईंना विचारलं, आज तारीख कोणती? शंभरातून सात वजा करा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई ते कसं सांगणार? पण पोळा होऊन किती दिवस झाले, बाजार कोणत्या वारी, कोणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं तोंडपाठ. तिला आजारी ठरवलं असतं, आणि जी खरंच विसरते ती "वय झालं" म्हणून सुटली असती. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत याच अडचणीवर अभ्यास झाला आणि निरक्षर माणसांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवली गेली. तो अभ्यास झाला नसता तर ती चाचणी कुठून आली असती?

निवृत्त_मास्तर
लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाची 14 कारणं मांडली. ती टाळता आली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश लांबवता किंवा टाळता येतील, असा त्यांचा हिशोब. कमी शिक्षण, बहिरेपण, अधू नजर, बीपी, साखर, तंबाखूचा धूर, एकटेपण. त्यातली निम्मी आपल्या पारावर बसलेली दिसतात. मग वर्गणीतून कानाची यंत्रं घ्या, मोतीबिंदूचं शिबिर घ्या. एवढं माहीत झाल्यावर आणखी संशोधन कशाला?

गडचिरोलीकर
मास्तर, ती 14 कारणं संशोधनातूनच कळली ना?

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 साली लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात ते त्यातूनच. आमच्या मातीत झालेलं संशोधन होतं म्हणून ते आमच्या घरापर्यंत आलं. म्हाताऱ्यांसाठी असं काम का होऊ नये? कर्नाटकात श्रीनिवासपूरच्या खेड्यांत बंगळुरूचे मेंदू-संशोधक हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासत आहेत. आपल्याकडे तर विचारायला वेगळे प्रश्न आहेत. 2017 ला यवतमाळात कीटकनाशकाच्या फवारणीनं माणसं मेली. जी वाचली आणि जन्मभर फवारत राहिली, त्यांच्या मेंदूवर सत्तरीत काय परिणाम होतो? हे अमेरिकेतली कंपनी शोधणार नाही.

कपाशीवाला_आर्वी
फवारणीचा प्रश्न खरा हाय. बापानं तोंडाले फडकं बांधून फवारलं, मीबी तसाच फवारतो. पण गावच्या वर्गणीनं असा अभ्यास उभा राहते का? तो सरकारनं कराव.

हळदवाला_समुद्रपूर
सरकारनं करावा हे शंभर टक्के मान्य, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. ग्रामसभेत ठराव करू: जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजनं आपल्या गावांत पाहणी करावी, सांभाळणाऱ्या बायकांची बुडालेली रोजी त्यात मोजावी. सोबत आपली रक्कम जोडली तर ठरावाला वजन येईल.

आशाताई
रोजीचं कलम आधी लिहा दादा. यादी मी करून देते.

कपाशीवाला_आर्वी
पैशाच्या बाबतीत मी अजूनही विरोधात. ठरावावर सही करतो, अन् तपासाले कोणी आलं तर मायले घेऊन मी सोता बसतो. पण शिल्लक रक्कम ज्या घरी असं माणूस हाय तिथंच जाव, हे मी बैठकीत बोलणार.