‘कुटुंबांतर्गत दारिद्र्य’ला बरा शब्द सुचवा

लातूरकरीण: पाहणीची प्रश्नावली मराठीत करतेय. एकाच घरात बाई गरीब आणि पुरुष तितका नाही, असं असू शकतं, तेच मोजायचंय. मी ‘कुटुंबांतर्गत दारिद्र्य’ लिहिलं. औशाकडच्या एका आज्जीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “कुटुंब म्हंजे मीच की, माय. मालक मला असंच म्हणायचे.”

परभणीचा पाहुणा: आज्जी बरोबर! आमचे आजोबा डॉक्टरला सांगायचे, ‘कुटुंबाला ताप आलाय.’ घरात चौदा माणसं, ताप एकीला.

शब्दनिष्ठ: ते नाव घ्यायचं टाळण्यासाठी. प्रमाण अर्थ घरदार हाच. जनगणनेतही ‘कुटुंब’च आहे.

माजलगावची सून: जनगणनेतलं कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकात जेवणारे. मग ‘चूल’च लिहा ना. पण चूल एक म्हणून ताटं सारखी नसतात हो. आमच्याकडं दुरडीत एकच भाकरी उरली की सासूबाई म्हणायच्या, “मला भूकच नाही.” कोरड्यास तोवर संपलेलं, वाटीभर पाण्यात ठेचा कालवायच्या. पाहणीवाला आला, ज्वारी किती, तेल किती, एवढं लिहिलं, भागिले सहा केलं. झालं दरडोई!

शब्दनिष्ठ: ‘दरडोई’ हा शब्दच धेडगुजरी. ‘दर’ फारसी, ‘डोई’ मराठी.

परभणीचा पाहुणा: मग ‘दरवर्षी’ही सोडा. आमच्याकडं चूलबंद आवतन, म्हंजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं, वेगळं; माणशी आवतन वेगळं. चूलबंद असलं तरी घर राखायला एखादी बाई मागं राहतेच, हा भाग निराळा.

लातूरकरीण: मुद्दा तोच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय, पुरुषांत २५ टक्के. पाळीमुळं काही फरक राहणार, मान्य. पण रक्त एकेकाचं तपासलं म्हणून आकडा दिसला तरी. खर्च अख्ख्या घराचा लिहितात, त्यात बाई कुठं दिसणार? ‘घरातल्या घरातली गरिबी’ चालेल का?

शब्दनिष्ठ: बोली आहे. अहवालात शोभणार नाही.

माजलगावची सून: २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर थोरली बाई कुटुंबप्रमुख झाली, ते शोभलं. पोतं मात्र कुणाच्या गाडीवर येतं ते बघा.

पुण्याहून: मध्येच विचारतो, कोरड्यास म्हणजे कोरडी भाजी ना?

परभणीचा पाहुणा: छे! पातळ. कोरड्या भाकरीला लावायला म्हणून कोरड्यास.

माजलगावची सून: आमच्यात सुकी भाजीही कोरड्यासच.

शब्दनिष्ठ: व्युत्पत्ती अशी ऐकीव सांगू नये.

परभणीचा पाहुणा: मग तुम्ही सांगा. जेवलात का कधी?