१७ सप्टेंबरच्या भाषणात 'पोलिस ॲक्शन'नंतरचं सांगावं का?

प्रश्न (शिक्षिका, तुळजापूर तालुका)
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण शाळेत दरवर्षी माझ्याकडेच असतं. हैदराबादच्या निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ, लातूरचा वकील आणि निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकार संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी, १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गावर आलेली भारताची फौज (हीच 'पोलिस ॲक्शन'), १७ ला निजाम शरण. मग झेंडा आणि खाऊ. यातलं काहीच खोटं नाही. रझाकारीत माझी आजी कडेवर पोर घेऊन रातोरात बार्शीला गेली होती. बार्शी हिंदुस्थानच्या हद्दीत, तिथं रझाकारांचं चालत नव्हतं.

पण आजी पुढचंही सांगायची. आमच्या बंद घराची किल्ली गावातल्या पिंजाऱ्याकडं, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याकडं होती. ती परतली तेव्हा त्याचं घर जळून गेलेलं, दोघे भाऊ मारलेले, बायकांनी विहीर जवळ केलेली. मारणारे गावातलेच होते, हे ती स्पष्ट म्हणायची. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं पोलिस ॲक्शनच्या वेळच्या आणि नंतरच्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आहे, म्हणजे आमचाच. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही.

माझ्यासमोर सातवी-आठवीची मुलं असतात, त्यात शेख आहेत, पठाण आहेत. मला दोन्ही सांगायचंय. कुणी सांगितलंय का? कसं?

उदगीरकर
बाई, जरूर सांगा. आमच्या घरात रझाकार कुणी नव्हतं, तरी कबड्डीत भांडण झालं की ती शिवी मलाच बसायची. १७ सप्टेंबरला अब्बा दुकान उशिरा उघडायचे, का ते कधी बोलले नाहीत. सुरुवात शोएबुल्लाखानपासून करा. 'इमरोज'चा संपादक, रझाकारांविरुद्ध लिहायचा, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला मारलं. तिथून निघालात तर पुढचं ऐकताना कुठलंच पोर मान खाली घालणार नाही.

नांदेडकर
माझं मत वेगळं. आजोबा निजामाविरुद्धच्या लढ्यात उमरीच्या बँकेवर चालून गेलेल्यांपैकी. हा दिवस हुतात्म्यांचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण काही अट न घालता मराठी मुलखात आलो, तरी पुण्यात मला 'मोगलाईतला' (निजामाच्या मुलखातला) म्हणून ऐकावं लागलं. पाठ्यपुस्तकात आपला लढा मुळात जेमतेम येतो. वर्षातून एकदा मिळणारा अर्धा तास तरी त्यालाच राहू द्या. बाकीचं मोठ्यांशी बोला, ते दडवू नये हे मलाही मान्य आहे.

भालकीहून
आम्ही १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो. घरात मराठी, शाळेत कन्नड, शेताचे जुने कागद उर्दूत. आमच्या बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी रझाकारांनी कापलेल्या लोकांचं स्मारक आहे, ते हवंच होतं. त्याच जिल्ह्यात पोलिस ॲक्शननंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांच्या नावाचा एक दगडही मी कुठं पाहिला नाही. मुलांना नाही सांगितलं तर मोबाइलवर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच.

प्रश्नकर्ती
शोएबुल्लाखानपासूनच सुरू करते. नांदेडकर दादा, हुतात्म्यांची नावं आधी घेईन, वेळही त्यांनाच जास्त देईन. पण मुलं घरून दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकून एकाच बाकावर बसतात, म्हणून गप्प बसणं मला जमणार नाही. आकडे टाळते, पिंजाऱ्याच्या घराचं सांगते. मुख्याध्यापकांना मसुदा आधी दाखवीन. नळदुर्ग भागातल्या मुस्लिम घरांतल्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या असतील तर इथं टाका, आठवडाभर वेळ आहे.