मदत हवी आहे: गावच्या नळयोजनेचे कागद कुठे मागायचे?

मंडळी, मी राहतो ठाण्यात, गाव शहापूर तालुक्यात. भातसा, तानसा ही धरणं आमच्याच तालुक्यात आणि पाणी मुंबईला, हे रडगाणं जुनंच. गावात टाकी उभी राहिली, दारोदार नळ आले, पण होळीनंतर वरच्या पाड्यावर पाणी चढतच नाही. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. आईला दोन हंडेसुद्धा विहिरीवरूनच आणावे लागतात. पंचायत म्हणते ठेकेदाराला विचारा, तो फोन उचलेल तर ना! योजना पंचायतीच्या ताब्यात आली की नाही, हेच कळत नाही. हस्तांतरणाचे कागद माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीकडे मागू की जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे? शहापूर-मुरबाडकडे कोणी असा अर्ज केला असेल तर नमुना टाका, प्लीज.