पाऊस नाही, तरी पावसाळी गटार वाहतंय. प्रभाग समितीत नेमकं काय लिहून देऊ?

ओढ्याकाठची

नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय ते शेजारीच आहेत. मला भांडण नकोय, ओढा स्वच्छ व्हायला हवाय.

आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. मागच्या भिंतीला लागून ओढा आहे, तो पुढे नदीला मिळतो. मी रोज पहाटे साडेपाचला फिरायला बाहेर पडते. एप्रिलपासून बघतेय, गेटसमोरच्या पावसाळी गटाराच्या जाळीखाली पाण्याची खळखळ ऐकू येते. दिवाळीनंतर आमच्याकडे थेंब पडलेला नाही. मग हे पाणी कुठलं?

गेल्या मंगळवारी वॉचमनदादांनी पहार लावून चेंबरचं झाकण उचललं. तळाशी राखाडी-पांढरा थर, चार बोटं जाड. पहारीनं टोकरून पाहिला तर दगडासारखा खणखणला. त्यावरून फेसाळ पाणी वाहत होतं आणि कडेनं काळ्या तेलाची रेघ. थर कशाचा हे लगेच कळलं. वरच्या अंगाला मोठं बांधकाम चालू आहे, तिथले काँक्रीटचे मिक्सर ट्रक रात्री कोपऱ्यावर उभे राहून ड्रम धुतात. मी खिडकीतून स्वतः पाहिलंय. तेल त्याच रांगेतल्या गॅरेजचं असावं. फेस गाड्या धुण्याच्या सेंटरचा, असा माझा अंदाज.

ऑनलाइन तक्रार केली. चौथ्या दिवशी ‘तक्रार निकाली काढण्यात आली’ असा मेसेज आला, सोबत फोटो. जाळीवरची पानं उचलली होती, आतला थर होता तिथंच. पुन्हा तक्रार केली तर ड्रेनेजवाले म्हणाले ही पावसाळी लाइन, आमच्याकडे येत नाही. घनकचऱ्याच्या साहेबांनी सांगितलं, पाणी हा आमचा विषय नाही.

पुढच्या आठवड्यात प्रभाग समितीची बैठक आहे. नगरसेविका म्हणाल्या, ‘काकू, लेखी द्या, मी विषय घेते.’ इतकी वर्षं प्रशासक होते, विचारायला दारच नव्हतं. आता ते उघडलंय तर अर्धवट अर्ज घेऊन जायचं नाहीये मला. ज्या ओढ्यावर माझ्या सासूबाई गोधड्या धुवायच्या त्याच्याकडेची खिडकी आम्ही आता बारा महिने लावून ठेवतो. काय लिहू, कुठल्या नियमाचा आधार घेऊ, आणि पुरावा म्हणून काय लागेल?

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, तुमचा पहिलाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाऊस नसताना पावसाळी गटार वाहतंय, याचा अर्थ कुणीतरी त्यात काहीतरी सोडतंय. अर्जाचं पहिलं वाक्य हेच ठेवा.

लोकांचा एक गैरसमज आधी दूर करतो. संडास-बाथरूमची लाइन शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाळी लाइनला असं केंद्र नसतं. जाळीत ओतलं ते ओढ्यात, ओढ्यातून नदीत, जसंच्या तसं. ड्रम धुतलेलं ते पांढरं पाणी नुसता गाळ नसतो, चुन्यासारखं जहाल असतं. शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं साहित्य देणाऱ्या दुकानात पीएच पट्ट्या मिळतात, पाणी आम्ल आहे की चुन्यासारखं क्षारी ते त्या दाखवतात. एक आणा. साध्या सांडपाण्याचा पीएच सातच्या आसपास येतो, सिमेंटच्या धुवणाचा बाराच्या पुढे जातो. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला ५.५ ते ९ एवढीच मुभा आहे. पट्टी, तारीख आणि चेंबर एका फोटोत आलं की तुमच्या बोलण्याला वजन येईल.

आता उगम. ओढ्याच्या तोंडापासून वर चढत एकेक झाकण उघडायचं. जिथं चेंबर कोरडं मिळेल, त्याच्या आणि खालच्या ओल्या चेंबरच्या मधे जोड आहे. नक्की करायचं तर संशयाच्या ठिकाणी खायचा रंग बादलीभर पाण्यातून सोडा आणि खाली एकाला बघायला उभं करा. हे कनिष्ठ अभियंत्याला सोबत घेऊन करा, म्हणजे पंचनामा होतो.

आणि एक कळकळीनं सांगतो. चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, वॉचमनला तर नाहीच. झाकण काढल्यावर वास येत नाही म्हणजे वायू नाही असं नसतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत एक तरणा पोरगा असा वर आणलेला पाहिलाय मी. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर बंदी आहे, तरी लोक पाचशे रुपयांत कुणालातरी शोधतात.

थराबद्दलही लिहा. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबानं बांधलेल्या होत्या. पुढे तो हिशेब ५० वर न्यायचं ठरलं. पण पाइपाच्या तळाशी काँक्रीट धरलं असेल तर कागदावरची क्षमता काय कामाची? नालेसफाईत गाळ निघतो, हा थर निघत नाही. तो फोडावा लागतो आणि तो खर्च ज्यानं थर केला त्याच्याकडून वसूल व्हायला हवा.

अर्जदार_सांगली

कायद्याची बाजू मी सांगतो. आमच्याकडे शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं हा विषय वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे हे पाठ झालंय.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४, कलम २४. प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून सोडायला किंवा सोडू द्यायला मनाई आहे. ‘सोडू द्यायला’ हे शब्द अधोरेखित करा, कारण डोळेझाक करणाराही त्यात येतो. कुणी म्हणेल की ओढा उन्हाळ्यात कोरडाच असतो, तो कसला प्रवाह? त्याच कायद्याच्या व्याख्येत जलमार्ग वाहता असो वा तात्पुरता कोरडा, तो प्रवाहच धरलाय.

गॅरेजचं वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं असतं. गॅरेजवाल्याशी आधी बोलून बघा. जुन्या ऑइलला गिऱ्हाईक असतं, ओतून त्याचंच नुकसान होतंय.

सोबत दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तुमच्या रस्त्याच्या पावसाळी वाहिनीचा नकाशा मागा, तुमच्या तक्रारींवर काय कार्यवाही झाली त्याच्या नोंदी मागा, आणि ही लाइन कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे तेही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘आमच्याकडे येत नाही’ हे एकदा कागदावर आलं की पुढचा माणूस शोधणं सोपं होतं.

प्रभाग समितीत जाताना एकट्या जाऊ नका.

सॅन_होजेहून

मी मूळची सातारची, इथे अमेरिकेत अठरा वर्षं आहे. इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

इथेही पावसाळी गटार वेगळं आणि ते थेट खाडीत जातं. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत बहुतांश एकत्रच आहे, त्यामुळे तिथलं पावसाचं पाणीही सहसा शुद्धीकरण केंद्रातून जातं. आमच्याकडे रस्त्याच्या कडेच्या तोंडांवर ‘इथे काही टाकू नका, हे खाडीत जातं’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. आधी मला ती सजावट वाटली होती. मग कळलं, यामागे परवाना आहे. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती झाली, आणि १९९० च्या नियमांपासून एक लाखावर वस्तीच्या शहरांना स्वतःच्या पावसाळी गटारासाठी परवाना घ्यावा लागतो. म्हणजे गटारातून काय बाहेर पडतं त्याला शहरच जबाबदार. बेकायदा जोड शोधणं हे त्यांचंच काम.

मला वाटतं तुमच्या अर्जात ही एक मागणी असावी: जाळ्यांवर मराठीत ठळक अक्षरांत लिहा की हे पाणी कुठे जातं. ड्रायव्हरला खरंच माहीत नसतं. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं, तेही अंगणातली गाडी धुवून पाणी तिकडेच झाडायचे.

ओढ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज जे झालं ते सांगते.

पट्ट्या आणल्या. रात्री साडेअकराला ट्रक धुऊन गेल्यावर अर्ध्या तासानं जाळीतलं पाणी दोरीला बांधलेल्या डब्यानं काढलं. पट्टी गडद जांभळी झाली, रंगपट्टीवर ते बारा आणि तेराच्या मधे बसतं. फोटो काढले. वॉचमनदादांना सांगितलं, यापुढे झाकणापासून दोन हात लांब राहायचं.

मग ओव्हरसियर काका म्हणाले तसं खालून वर चढत गेलो. कनिष्ठ अभियंता आले होते, तासभर उन्हात थांबले. फेसाचं पाणी गाड्या धुण्याच्या सेंटरपर्यंत पोहोचतच नव्हतं. त्याच्या खालच्या दोन्ही चेंबर्स कोरड्या. फेस सुरू होत होता आमच्या गेटच्या आतल्या चेंबरमधून.

‘सी’ विंगच्या गच्चीचं पाणी ज्या पाइपांतून खाली येतं, त्यांनाच ड्राय बाल्कनीची जाळी जोडलेली आहे. तिथे अकरा घरांनी वॉशिंग मशीन ठेवलंय. त्यात माझंही घर आहे. नऊ वर्षं रोज सकाळी माझ्या मशीनचं साबणाचं पाणी त्या ओढ्यात जात होतं. गच्चीच्या पाण्याचा एक फाटा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यातही जातो, म्हणजे तिथेही तेच.

सेंटरच्या मालकांना भेटून आले. मनात धरलं होतं तेही सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि पाण्यातलं तेल अडवणारा त्यांचा ऑइल-ग्रीसचा सापळा दाखवला. ते बैठकीला सोबत येणार आहेत.

अर्जात आता चार गोष्टी आहेत: ड्रम धुण्यावर बंदी आणि थर फोडण्याचा खर्च, गॅरेजच्या ऑइलची तपासणी, जाळ्यांवर पाटी, आणि या रस्त्यावरच्या सगळ्या सोसायट्यांच्या गच्चीच्या पाइपांची तपासणी, सुरुवात आमच्यापासून. रविवारी दहाला प्लंबर येतोय. अकराही मशीनचं पाणी बाथरूमच्या लाइनला वळवायचंय, माणशी किती पडतील ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. दोन घरं ‘नंतर बघू’ म्हणतायत. आज संध्याकाळी त्यांच्याकडे पट्टीचा फोटो घेऊन जातेय.